डिस्क वाढली, पण जागा का वाढत नाही?



या ब्लॉगवर मी माझ्या पीएचडीच्या विषयाबद्दल, म्हणजे स्टोरेज सिस्टिमबद्दल लिहिते. आजचा विषय मात्र रोजच्या कामातला आहे: युनिक्स किंवा लिनक्स सर्व्हरवर भरत आलेली फाइल सिस्टिम वाढवायची कशी? वरवर पाहिलं तर हे चार-पाच कमांडचं काम आहे. पण या कमांड त्याच क्रमाने का द्यायच्या, मध्येच वीज गेली तर काय होतं आणि एखादी फाइल सिस्टिम वाढते पण परत लहान होत नाही, हे कसं, या प्रश्नांची उत्तरं शोधायला गेलं की आपण थेट संशोधनाच्या दारात पोचतो.

आधी एक गोष्ट सांगून ठेवते. कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची. आणि या लेखात १ जीबी म्हणजे १०२४ एमबी धरा.

समजा, तुमच्या विभागात एक सामायिक सर्व्हर आहे. त्यावर आठ-दहा जणांचा डेटा आहे. कोणाचं सिम्युलेशन तीन आठवडे चालू आहे, कोणाचे मोजमापाचे आकडे फक्त तिथेच आहेत, बॅकअप "पुढच्या आठवड्यात" घेणार आहेत. फाइल सिस्टिम ९७ टक्के भरली आहे. ती १०० टक्के भरली की लिहिण्याची प्रत्येक विनंती "जागा शिल्लक नाही" म्हणून परत येणार आणि सिम्युलेशन मधेच कोसळणार. दुसरीकडे, वाढवताना काही चुकलं तर सगळ्यांचाच डेटा धोक्यात. म्हणून एकेक पायरी समजून घेऊ.

नक्की काय भरलंय ते आधी बघा

जागा वाढवायला धावण्याआधी दोन मिनिटं तपासणी करा. डीएफ कमांड फाइल सिस्टिमची स्वतःची नोंद वाचून आकडा सांगते, तर डीयू कमांड एकेक फाइल मोजत जाते. दोघांच्या आकड्यांत मोठा फरक दिसला तर बहुतेक वेळा एखादी फाइल पुसली गेलेली असते, पण कुठला तरी प्रोग्राम ती अजून उघडी धरून बसलेला असतो. युनिक्समध्ये फाइलचं नाव गेलं तरी ती वापरणारा शेवटचा प्रोग्राम बंद होईपर्यंत तिची जागा सुटत नाही. मोठी लॉग फाइल पुसूनही जागा मोकळी झाली नाही, असं झालं तर आधी हाच संशय घ्या. एलएसओएफ ही कमांड अशा फाइली शोधून देते. मग तो प्रोग्राम पुन्हा सुरू केला की काम झालं, डिस्कला हात लावायची गरजच नाही.

दुसरी शक्यता आयनोड संपण्याची. आयनोड म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणारी एक नोंद. ईएक्सटी४ मध्ये आयनोडांची संख्या फाइल सिस्टिम तयार करतानाच ठरते, सहसा दर १६ केबी जागेमागे एक. तुमच्याकडे लाखो बारीक फाइली असतील तर जागा मोकळी असूनही नवी फाइल तयार होत नाही. डीएफला आय हा पर्याय दिला की हे कळतं. फाइल सिस्टिम वाढवली की आयनोडही त्याच प्रमाणात वाढतात, पण प्रमाण तेच राहतं. त्यामुळे बारीक फाइलींचा प्रश्न जागा वाढवून फक्त पुढे ढकलला जातो.

तिसरं म्हणजे राखीव जागा. ईएक्सटी४ डिफॉल्टने ५ टक्के जागा रूट युजरसाठी राखून ठेवते. १ टीबीच्या फाइल सिस्टिमवर ही जागा ५१ जीबीच्या आसपास भरते. फक्त डेटा ठेवायच्या डिस्कवर ट्यूनटूएफएसने ही टक्केवारी कमी करता येते. हे सगळं तपासूनही जागा खरोखरच कमी पडत असेल, तर आता वाढवायचा विचार करू.

एकाच जागेच्या चार नोंदी

बऱ्याच जणांना पहिला धक्का इथे बसतो. व्हर्च्युअल मशीनची डिस्क १०० जीबीवरून २०० जीबी केली, सर्व्हरवर लॉगिन केलं, डीएफ चालवलं, तर आकडा जुनाच! मग डिस्क वाढली तरी कुठे?

याला गावाकडचं उदाहरण चपखल बसतं. तुम्ही शेजारची वीस गुंठे जमीन विकत घेतली. खरेदीखत झालं, पैसे दिले, कुंपणही घातलं. पण तलाठ्याकडे फेरफार झाला नाही, तर त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव लागत नाही. बँक कर्ज देताना कुंपण बघत नाही, उतारा बघते. सर्व्हरचंही तसंच आहे. "जागा किती?" या प्रश्नाचं उत्तर एका ठिकाणी नसतं. ते किमान चार ठिकाणी स्वतंत्रपणे नोंदलेलं असतं, आणि प्रत्येक थर फक्त आपल्या लगेच खालच्या थराकडून जागा घेतो.

सगळ्यात खाली डिस्क. ती किती मोठी आहे याची एक नोंद कर्नलच्या मेमरीत असते. त्यावर पार्टिशन. कुठल्या सेक्टरपासून कुठल्या सेक्टरपर्यंत, हे डिस्कवरच्या पार्टिशन टेबलात लिहिलेलं असतं. त्यावर बहुतेक सर्व्हरवर एलव्हीएम असतं. ते पार्टिशनचे डिफॉल्टने ४ एमबीचे तुकडे पाडतं, ते एका सामायिक साठ्यात ठेवतं आणि त्यातून लॉजिकल व्हॉल्यूम बनवतं. आणि सगळ्यात वर फाइल सिस्टिम. तिचा आकार तिच्या सुपरब्लॉकमध्ये लिहिलेला असतो. डीएफ बघतं ती ही शेवटची नोंद.

थोडक्यात, फाइल सिस्टिम वाढवणं म्हणजे या चार नोंदी एकामागून एक, योग्य क्रमाने जुळवणं. वाढवताना खालून वर जायचं, कारण खालच्या थराकडे जागा आल्याशिवाय वरचा थर ती घेणार कुठून? लहान करताना बरोबर उलटं, वरून खाली. आधी शेतातलं पीक काढायचं, मग जमीन विकायची. हा क्रम चुकवून लॉजिकल व्हॉल्यूम आधी लहान केलं, तर फाइल सिस्टिमची शेपटीच कापली जाते.

खालून वर, एकेक आकडा

आपल्या १०० वरून २०० जीबी झालेल्या डिस्कचंच उदाहरण घेऊ. हाताशी ठेवायचा नियम एकच: प्रत्येक पायरीनंतर त्या थराचा आकडा बदलला पाहिजे, आणि त्याच्या वरच्या थराचा आकडा अजून जुनाच असला पाहिजे. असं झालं तरच पुढे जा.

पायरी पहिली, डिस्क. एलएसबीएलके चालवून डिस्क २०० जीबी दिसते का बघा. नसेल तर कर्नलला ती पुन्हा तपासायला सांगावं लागतं. त्यासाठी सिस फोल्डरमध्ये त्या डिस्कच्या नावाखाली रीस्कॅन नावाची फाइल असते, तिच्यात १ लिहायचा. सर्व्हर रीस्टार्ट करायची सहसा गरज पडत नाही.

पायरी दुसरी, पार्टिशन. यासाठी ग्रोपार्ट ही छोटी कमांड सोयीची आहे. आधी डिस्कचं नाव, मग एक स्पेस, मग पार्टिशनचा क्रमांक. ती स्पेस विसरू नका. पार्टिशनच्या लगेच पुढे मोकळी जागा असेल तरच ते वाढतं. मध्ये दुसरं पार्टिशन असेल तर ग्रोपार्टला काही करता येत नाही.

पायरी तिसरी, एलव्हीएमचा पाया. पीव्हीरिसाइझ चालवल्यावर एलव्हीएम पार्टिशनचा नवा आकार नोंदवून घेतं. मग व्हीजीएस कमांडमध्ये मोकळ्या जागेचा आकडा साधारण १०० जीबीने वाढलेला दिसेल. डीएफ मात्र अजून जुनाच आकडा सांगेल. ते अगदी बरोबर आहे.

पायरी चौथी, लॉजिकल व्हॉल्यूम. इथे एलव्हीएक्स्टेंड वापरा आणि किती वाढवायचं ते अधिक चिन्ह लावून सांगा. "+५० जीबी" म्हणजे आत्ताच्या आकारात ५० ची भर. नुसतं "५० जीबी" म्हणजे एकूण आकार ५०. एलव्हीएक्स्टेंड आकार कमी करायला साफ नकार देतं, म्हणून तेच वापरायचं. एलव्हीरिसाइझ मात्र लहानही करू शकतं, आणि तिथे एक अधिक चिन्ह विसरणं महागात पडतं.

पायरी पाचवी, फाइल सिस्टिम. ईएक्सटी४ असेल तर रिसाइझटूएफएस, आणि तिला व्हॉल्यूमचं नाव द्यायचं. एक्सएफएस असेल तर एक्सएफएस-ग्रोएफएस, आणि तिला माउंट केलेल्या फोल्डरचा पत्ता द्यायचा, कारण ती कमांड माउंट असलेल्या फाइल सिस्टिमवरच चालते. आता डीएफ चालवा. आकडा वाढलेला असेल, आणि या सगळ्यात ते तीन आठवड्यांचं सिम्युलेशन एक क्षणही थांबलेलं नसेल.

एलव्हीएम नसेल तर तिसरी आणि चौथी पायरी गाळा. एआयएक्सवर उलट सीएचएफएस ही एकच कमांड व्हॉल्यूम आणि फाइल सिस्टिम दोन्ही वाढवते. लिनक्सवरही एलव्हीएक्स्टेंडला आर पर्याय दिला की ते फाइल सिस्टिमही वाढवून टाकतं. पण आत दोन पायऱ्या आहेत हे माहीत असलेलं बरं. अर्ध्यावर अडलं तर कुठे बघायचं ते कळतं.

आणखी एक व्यवहारी गोष्ट. १०० टक्के भरेपर्यंत वाट बघू नका. ग्रोपार्टला स्वतःला तात्पुरती फाइल लिहायला थोडी जागा लागते. रूट फाइल सिस्टिमच भरली असेल तर जागा वाढवणारी कमांडच "जागा नाही" म्हणून थांबते!

सुरुवातीचा बांध हलवायचा नाही

या सगळ्यात सर्वात जास्त घात कुठे होतो? दुसऱ्या पायरीत. जुन्या पद्धतीत एफडिस्कने आधी पार्टिशन पुसायचं आणि मग मोठं करून परत तयार करायचं. ऐकूनच धस्स होतं, पण त्यात डेटा पुसला जात नाही. पार्टिशन टेबल म्हणजे फक्त हद्दीची नोंद. ती खोडून नवी लिहिली तरी शेतातल्या मातीला काही होत नाही.

अट एकच: सुरुवातीचा सेक्टर तोच राहिला पाहिजे. ईएक्सटी४ चा सुपरब्लॉक पार्टिशनच्या सुरुवातीपासून बरोबर १०२४ बाइटवर असतो, एक्सएफएसचा अगदी पहिल्याच बाइटवर. आतले सगळे पत्ते त्या सुरुवातीपासूनच मोजलेले असतात. जुन्या काळी एफडिस्क पहिलं पार्टिशन सेक्टर ६३ पासून सुरू करायचं, आताचं २०४८ पासून करतं. समजा, जुन्या सर्व्हरवरचं पार्टिशन पुसून नव्या एफडिस्कमध्ये डिफॉल्ट उत्तरं देत एंटर दाबत गेलात, तर बांध १९८५ सेक्टर पुढे सरकतो. मग माउंट करताना "सुपरब्लॉक सापडत नाही" असं उत्तर येतं.

असं कधी दिसलं तर हात मागे घ्या. डेटा बहुधा जागेवरच आहे. पार्टिशन पुन्हा ६३ पासून सुरू केलं की फाइल सिस्टिम परत दिसते. खरं नुकसान त्यानंतरच्या घाईत होतं, जेव्हा कोणीतरी "फॉरमॅट करून बघू" म्हणून एमकेएफएस चालवतं. म्हणून आधी जुन्या पार्टिशन टेबलची प्रत दुसऱ्या मशीनवर ठेवा. एसएफडिस्कच्या डंप पर्यायाने मिळणाऱ्या त्या चार-पाच ओळी आहेत, पण त्या वेळी त्यांना सोन्याचं मोल येतं. आणि एफडिस्क "जुनी खूण पुसू का?" असं विचारेल तेव्हा उत्तर "नाही" असंच द्या.

डिस्क २ टीबीच्या पुढे न्यायची असेल तर टेबलाचा प्रकारही बघा. जुन्या एमबीआर टेबलात सेक्टरचा आकडा ३२ बिटांत बसवलेला आहे. ५१२ बाइटचा एक सेक्टर धरला तर गणित २ टीबीवर संपतं. नव्या जीपीटी टेबलाला ही अडचण नाही, पण त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. डिस्क वाढली की ती "शेवटची" प्रत मधोमध पडते, आणि ती नव्या शेवटाला हलवावी लागते. ग्रोपार्ट हे स्वतःच करतं. पार्टेड वापरलं तर ते "दुरुस्त करू का?" असं विचारतं, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

चालू संसारात घर वाढतं कसं?

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते. फाइल सिस्टिमवर लोक लिहीत-वाचत असताना ती मोठी कशी होऊ शकते?

सुरुवातीच्या युनिक्समध्ये हे जमत नसे. तिथे सगळे आयनोड डिस्कच्या सुरुवातीला एकगठ्ठा ठेवलेले आणि त्यांच्या मागे डेटा. आयनोडांचा गठ्ठा एकदा ठरला की ठरला. जागा हवी तर सगळा डेटा टेपवर उतरवायचा, मोठी फाइल सिस्टिम नव्याने बनवायची आणि डेटा परत चढवायचा. १९८४ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या मॅकक्युझिक, जॉय, लेफ्लर आणि फॅब्री यांनी फास्ट फाइल सिस्टिमवरचा त्यांचा प्रसिद्ध शोधनिबंध छापला. त्यांनी डिस्कचे सिलिंडर ग्रुप पाडले. प्रत्येक गटात स्वतःचे आयनोड, स्वतःचा मोकळ्या जागेचा नकाशा आणि स्वतःचा डेटा. त्यांचा हेतू होता वेग: फाइलची नोंद आणि तिचा डेटा जवळजवळ राहावा. पण त्या रचनेतून पुढे दुसरा फायदा निघाला. गट स्वतंत्र असतील तर शेवटी आणखी गट जोडता येतात!

ईएक्सटी४ मध्ये हेच ब्लॉक ग्रुप झाले. एक ब्लॉक ४ केबीचा. गटाचा मोकळ्या जागेचा नकाशा एका ब्लॉकात बसवलेला, म्हणजे ३२,७६८ बिट. एका बिटामागे एक ब्लॉक, म्हणून एक गट १२८ एमबीचा. १०० जीबीच्या फाइल सिस्टिममध्ये असे ८०० गट असतात, २०० जीबीमध्ये १६००.

मग अडचण कुठे येते? प्रत्येक गटाची माहिती देणारी एक ओळ सुपरब्लॉकच्या लगेच मागच्या तक्त्यात असते. एक ओळ ६४ बाइटची धरली तर ८०० गटांना १३ ब्लॉक लागतात आणि १६०० गटांना २५. म्हणजे तक्ता १२ ब्लॉकने लांबणार, पण त्याच्या मागे तर दुसरा मजकूर बसलेला! वहीच्या मधल्या पानावर ओळी वाढवायच्या आणि पुढचं पान भरलेलं, अशी ही अवस्था.

यावरचा उपाय साधा आहे. फाइल सिस्टिम तयार होते त्याच दिवशी तक्त्यामागे काही ब्लॉक कोरे सोडले जातात. किती? फाइल सिस्टिम पुढे मूळ आकाराच्या १०२४ पट होईल असं धरून, पण काही कमाल मर्यादेच्या आत. ते कोरे ब्लॉक कोणी वापरू नयेत म्हणून सातव्या क्रमांकाच्या एका खास आयनोडच्या नावावर ठेवलेले असतात. म्हणजे तुम्ही आज जी कमांड चालवता, तिची तयारी एमकेएफएस चालवणाऱ्याने काही वर्षांपूर्वी, बहुधा नकळत, करून ठेवलेली असते.

आणि वीज गेली तर? इथे क्रमाला महत्त्व आहे. आधी नव्या गटांचे नकाशे आणि आयनोडांची जागा जुन्या हद्दीबाहेर तयार केली जाते. तिथे काय चाललंय याच्याशी जुन्या फाइल सिस्टिमला काही देणंघेणं नसतं. सगळं तयार झालं की जर्नलच्या संरक्षणात तक्त्यातली ओळ आणि सुपरब्लॉकमधला एकूण आकडा बदलला जातो. त्याआधी वीज गेली तर जुना आकडाच खरा, आणि हद्दीबाहेर काढलेल्या रेघांना काही अर्थ नाही. त्यानंतर गेली तर नवा आकडा खरा. मधली अवस्था उरू नये, असाच सगळा खटाटोप आहे.

एक्सएफएस: पुढे वाट आहे, मागे नाही

एक्सएफएस ही सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने १९९० च्या दशकात आयरिक्स या आपल्या युनिक्ससाठी बनवलेली फाइल सिस्टिम. तिथे गटांना ॲलोकेशन ग्रुप म्हणतात. वाढवण्याची पद्धत तीच: शेवटी नवे गट, मग सुपरब्लॉकमधला आकडा. मात्र आयनोड लागतील तसे तयार होतात, त्यामुळे ते संपण्याची काळजी कमी.

लहान करणं मात्र अवघड. एक्सएफएसमध्ये आयनोडच्या क्रमांकातच त्याचा पत्ता असतो: कितवा गट, गटातला कितवा ब्लॉक, ब्लॉकातला कितवा. शेवटचा गट काढून टाकायचा तर त्यातले आयनोड दुसरीकडे हलवावे लागतील, आणि हलवले की त्यांचे क्रमांकच बदलतील. मग प्रत्येक फोल्डरमधल्या नोंदी बदला, एनएफएसवरून ती फाइल धरून बसलेल्या मशीनना सांगा, असं ते लांबत जातं. २०२१ मध्ये कर्नलमध्ये प्रायोगिक स्वरूपात थोडी सोय आली, तीही शेवटच्या गटाच्या टोकाला मोकळी असलेली जागा कमी करण्यापुरती.

म्हणून एक्सएफएस असेल तर मिळालेली सगळी जागा एकदम देऊन टाकू नका. व्हॉल्यूम ग्रुपमध्ये थोडी शिल्लक ठेवा. कमी पडली तर उद्या दोन मिनिटांत देता येते. परत मात्र घेता येत नाही.

दुसरी गोष्ट, गटाचा आकारही पहिल्याच दिवशी ठरतो. समजा, १० जीबीची एक्सएफएस बनवली. तिचे डिफॉल्टने ४ गट पडले, अडीच-अडीच जीबीचे. तीच वाढवत १० टीबीपर्यंत नेली तर गट होतात ४०९६, प्रत्येक अजूनही अडीच जीबीचाच. ती चालते, पण मोकळी जागा बारीक बारीक वाफ्यांत विभागलेली राहते आणि ती शोधण्याचं काम वाढतं. क्लाउडवरच्या छोट्या तयार इमेजपासून सुरुवात करून प्रचंड डिस्कवर पसरवलेल्या सर्व्हरवर हे हमखास दिसतं. मोठा डेटा ठेवायचा असेल तर मोठ्या डिस्कवर नवी फाइल सिस्टिम बनवून त्यात नेलेला बरा.

झेडएफएसने हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. २००५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती ओपनसोलारिसमधून खुली केली. तिच्यात फाइल सिस्टिमला ठरावीक आकारच नसतो. सगळ्या एका पूलमधून जागा घेतात आणि मर्यादा हवी असेल तर कोटा लावायचा. पण तिथेही एकतर्फी दार आहेच. रेडझेड गट असलेल्या पूलमध्ये चुकून एक सुटी डिस्क जोडली तर ती परत काढता येत नाही. आणि ती एक डिस्क गेली तर पूर्ण पूल जातो. एलव्हीएममध्ये दुसरी डिस्क जोडून व्हॉल्यूम लांबवतानाही हेच लक्षात ठेवा. खाली रेड नसेल तर दोनपैकी कुठलीही डिस्क बिघडली की फाइल सिस्टिम गेलीच म्हणून समजा.

संशोधन काय सांगतं?

आतापर्यंत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली: पहिल्या दिवशीचा निर्णय पुढे वाढवताना आडवा येतो किंवा कामी येतो. हे नुसतं अनुभवाचं शहाणपण नाही, यावर पद्धतशीर अभ्यासही झाला आहे. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या एका गटाने फाइल सिस्टिमच्या सेटिंग एकमेकांवर कशा अवलंबून असतात, यावर काम केलं. २०२३ मध्ये फास्ट या स्टोरेजवरच्या परिषदेत त्यांचा कॉन्फडी नावाचा शोधनिबंध आला.

त्यांच्या उदाहरणांतलं एक आपल्या विषयाशी थेट जुळतं. ईएक्सटी४ सुपरब्लॉकच्या जादा प्रती ठिकठिकाणी ठेवते. स्पार्स-सुपर-२ नावाचा पर्याय निवडला तर जादा प्रती फक्त दोनच: एक पहिल्या दोन गटांपैकी दुसऱ्यात आणि एक अगदी शेवटच्या गटात. आता विचार करा. फाइल सिस्टिम वाढवली की "शेवटचा गट" बदलतो. आधी शेवटचा असलेला गट आता मधला होतो. हा पर्याय निवडलेल्या फाइल सिस्टिमवर रिसाइझटूएफएसने आकार वाढवला, तर मोकळ्या ब्लॉकची गणती चुकून आतल्या नोंदी बिघडत असत. एमकेएफएसचा पर्याय स्वतः बरोबर. रिसाइझची कमांडही एरवी बरोबर. दोघं एकत्र आले की बिघाड.

असे दोष नेहमीच्या चाचण्यांत सापडत नाहीत, कारण चाचण्या बहुतेक एकेका साधनाच्या असतात. पर्याय निवडतं एक साधन आणि त्याचा परिणाम भोगतं दुसरं, तेही काही वर्षांनी. या गटाने सोर्स कोडमधून एखाद्या सेटिंगचं मूल्य कुठून कुठे वाहत जातं याचा माग काढणारी पद्धत वापरली आणि असे आडवे संबंध शोधून काढले. माझ्या मते या कामाचं मोल यात आहे: सिस्टिम ॲडमिन ज्याला "नशीब" म्हणतात, त्यातला काही भाग कोडमध्ये बोट ठेवून दाखवता येतो.

कामाला लागण्याआधी

आता तुमच्या त्या ९७ टक्के भरलेल्या सर्व्हरकडे वळू. ईएक्सटी४ असेल तर डम्पईटूएफएसने आणि एक्सएफएस असेल तर एक्सएफएस-इन्फोने सध्याची मांडणी बघा. किती ब्लॉक कोरे सोडलेत, गट केवढा आहे, ६४ बिटचा पर्याय चालू आहे का, हे वाचा. हा पर्याय नसेल तर ४ केबी ब्लॉकच्या ईएक्सटी४ ची मर्यादा १६ टीबी आहे, आणि तो नंतर चालू करायचा तर फाइल सिस्टिम अनमाउंट करावी लागते. मग पार्टिशन टेबलची प्रत काढून ठेवा.

बॅकअप घ्या आणि त्यातली एखादी फाइल प्रत्यक्ष परत उतरवून बघा. वाढवण्याचं काम सुरक्षित आहे, पण ते करणारी माणसं थकलेली असतात आणि ते काम बहुधा रात्री उशिरा होतं. सर्व्हर वापरणाऱ्यांना आदल्या दिवशी सांगा. ज्यांचा डेटा दुसरीकडे कुठेच नाही, त्यांना तो हलवायची संधी मिळू द्या.

काम झाल्यावर कुठली पायरी कधी केली, आकडे आधी काय होते आणि नंतर काय झाले, हे एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवा आणि ती फाइल त्याच सर्व्हरवर ठेवू नका. दोन-तीन वर्षांनी हीच फाइल सिस्टिम पुन्हा भरेल. तेव्हा कदाचित तुम्ही पदवी घेऊन गेलेले असाल आणि तुमच्या जागी एखादी नवी विद्यार्थिनी टर्मिनलसमोर बसलेली असेल. तिच्यासाठी ती अर्ध्या पानाची नोंद म्हणजे या सर्व्हरचा सातबारा.

पुढच्या लेखात जर्नलबद्दल लिहिणार आहे: वीज गेल्यावर फाइल सिस्टिमला आपण कुठपर्यंत आलो होतो हे कसं आठवतं?